दोन सूत

अजमानच्या खाडीकाठी, जिथे लाकडी गलबतं
अजून उघड्या बरगड्यांनी उभी असतात,
तिथे एका शुक्रवारी केकोआ आला,
खांद्यावर चीनहून आलेली पावलोनियाची फळी.
म्हणाला, मेस्त्री, हिच्यातून लाटेवर धावणारं काढून दे.

खिळा नको. सांधा नको.
शेपटाखाली पंखसुद्धा नको.
मी म्हटलं, सुकाणूच नाही तर वळणार कशी?
तो म्हणाला, झोपेत माणूस वळतो तशी.

छत्तीस वर्षं सागाशी भांडलेले माझे हात.
हिच्यापुढे जोर चालेना.
रंधा फिरवला की कपची नाही,
कांद्याची साल निघायची,
आणि शेजारी मांडवीच्या हुसैनभाईच्या चहात पडायची.
तो चहासकट शिव्या गिळायचा.

मी सांगितलं, आमच्या शिरोड्याला
जाळं तरंगायला पांगाऱ्याचे ठोकळे बांधत, इतकेच हलके.
फोनवर फूल दाखवलं.
केकोआ कितीतरी वेळ बघत राहिला.
त्याच्या बेटावरही हे झाड, नाव निराळं,
काटे तेच, लाल तोच.
त्यावर म्हणे राजे उभे राहायचे.
आमच्याकडे बांगडे.

मग म्हणाला, झाड तोडण्याआधी
आजोबा मुळाशी तांबडा मासा ठेवायचे.
आम्ही नारळ ठेवतो, मी म्हटलं,
पण हे झाड तर शिक्का मारून कंटेनरमधून आलं,
याचं मूळ कुठे शोधायचं?
तरी मासळी बाजारातून एक सुलतान इब्राहिम आणला,
लालभडक, मिशाळ,
आणि लाकडाच्या थप्पीखाली सरकवला.
रात्री यार्डातल्या बोक्याने नेला.
पोचला, केकोआ म्हणाला.

शेवटी तेल.
जवसाचं संपलेलं. माझ्या ट्रंकेत उंडीची बाटली,
बायकोने दिलेली, वर चिठ्ठी: गुडघ्याक लावा.
बूच काढलं तसा तो मागे वळला,
नाक वर करून, जसं कुणी हाक मारलीय.
कमानी, म्हणाला. कमानी.
मग बराच वेळ काही बोललाच नाही,
फडकं घेऊन नुसता घासत राहिला,
आणि मीही विचारलं नाही
की त्याच्या घरी कुणाचे गुडघे दुखायचे.

शमाल सुटला जानेवारीत, तिसऱ्या दिवशी पाणी उभं राहिलं.
एरवी हा समुद्र ताटातल्या कढीसारखा.
केकोआ चारदा चढला, चारदा आडवा.
बाहेर येऊन ओठातली वाळू थुंकत म्हणाला,
शेपटाला जाड आहे.
किती?
त्याने बोटं दाखवली. दोन सूत.
रंधा मी पिशवीत आणलाच होता.
वाळूत गुडघे टेकून काढले दोन सूत,
साली वाऱ्याने पळवल्या शारजाच्या दिशेने.

पाचव्यांदा तो गेला.
काय सांगू, कसा गेला.
आडवा, लाटेच्या पोटाला हात लावत,
ओल्या लादीवरून साबण सुटावा तसा,
आणि फळीचा आवाज मला काठावर ऐकू आला,
बारीक, गुणगुणल्यासारखा.
माझ्या कुठल्याच गलबताने असा आवाज केला नव्हता.

परत आला आणि फळी माझ्या पुढ्यात धरली. आता तू.
मी एकोणसाठचा. मार्चमध्ये व्हिसा संपतो.
इतकी जहाजं पाण्यात सोडली,
एकातही बसलेलो नाही.
लुंगी खोचली. पालथा झोपलो,
हनुवटी उंडीच्या वासावर.

मागून काहीतरी आलं, ढकलत नव्हतं, उचलत होतं.
दहा वाव गेलो असेन.
ओरडलो म्हणे, मालवणीत, केकोआ सांगतो.
मला फक्त छातीखालचं लाकूड आठवतं,
आणि पोटाला वाळू खरवडली तेव्हाची चीड,
एवढ्यातच संपलं म्हणून.

उठलो. फळी झटकली.
डाव्या कडेला अजून एक सूत जास्त आहे.
हे अंगठ्याला कधी कळलं नव्हतं, बरगडीला कळलं.
केकोआला अजून सांगितलेलं नाही.